सिलिंडरपासून सुरुवात करा: कोटॅन्जंट बंडल आणि लूप स्पेस शिकणाऱ्यांसाठी

सिम्प्लेक्टिक भूमितीकडे नव्याने वळलेले विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच जागी अडतात. व्याख्या पाठ झालेल्या असतात, डार्बूचं प्रमेय सिद्ध करता येत असतं, आणि मग समोर एक विधान येतं: कोटॅन्जंट बंडलची सिम्प्लेक्टिक होमॉलॉजी म्हणजे मुळातल्या मॅनिफोल्डच्या लूप स्पेसची होमॉलॉजी. एका बाजूला मोजक्या मितींचा अवकाश, दुसऱ्या बाजूला अनंत मितींचा. दोघांची गाठ कुठे पडते ते विधानाकडे बघून कळत नाही. सिद्धता उघडावी, तर सुरुवातीची कित्येक पानं विश्लेषणात जातात आणि भूमिती दिसेपर्यंत वाचणारा दमतो.

ही गाठ सगळ्यात साध्या उदाहरणात, म्हणजे वर्तुळाच्या कोटॅन्जंट बंडलवर, कागद-पेन्सिल घेऊन पूर्ण दिसते. हे बंडल म्हणजे दोन्ही बाजूंना अनंतापर्यंत गेलेला सिलिंडर. त्यावरचं गणित स्वतःच्या हाताने करून मग मोठ्या प्रमेयांकडे गेलात, तर त्या प्रमेयांतला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटेल. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी काय येत असावं

डिफरेन्शियल फॉर्म, त्यांचा पुलबॅक आणि स्टोक्सचं प्रमेय हातात बसलेलं हवं. फंडामेंटल ग्रुप, कव्हरिंग स्पेस आणि होमॉलॉजीची साधी गणितं यायला हवीत. रीमानियन भूमितीतलं जिओडेसिक म्हणजे काय, आणि गोलावर मोठी वर्तुळं का येतात, एवढं पुरे. स्यूडो-होलोमॉर्फिक वक्रांचं विश्लेषण आत्ता लागत नाही. ते आधी शिकायला बसलात तर भूमितीपर्यंत पोहोचायलाच वर्ष जाईल, आणि ते कशासाठी शिकतोय हे तोवर कळणार नाही.

एमएस्सीच्या अभ्यासक्रमात टोपॉलॉजीची बाजू कच्ची राहिली असेल, तर टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई यांच्या संयुक्त नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सतर्फे होणाऱ्या ॲन्युअल फाउंडेशन स्कूलचा विचार जरूर करा. हा पाया तिथे सलग आणि नेटाने घालून घेतला जातो.

पायरी १: बंडलमध्ये आपोआप मिळणारा फॉर्म

एम हा मॅनिफोल्ड घ्या. त्याच्या कोटॅन्जंट बंडलच्या एका बिंदूत दोन गोष्टी असतात: एम वरचा बिंदू क्यू, आणि तिथल्या टॅन्जंट व्हेक्टरला संख्या देणारं रेषीय फलन पी. भौतिकशास्त्राच्या भाषेत क्यू ही स्थिती आणि पी हा संवेग. या बंडलवर एक वन-फॉर्म कुणी न निवडता मिळतो, त्याला लॅम्डा म्हणू. (क्यू, पी) या बिंदूपाशी बंडलचा एक टॅन्जंट व्हेक्टर घ्या, तो खाली एम वर प्रक्षेपित करा, आणि मिळालेल्या व्हेक्टरवर पी लावा. येणारी संख्या ही लॅम्डाची किंमत. सहनिर्देशकांत लिहिलं तर लॅम्डा म्हणजे पी डीक्यू, आणि त्याचं बाह्य विकलन म्हणजे सिम्प्लेक्टिक फॉर्म ओमेगा, अर्थात डीपी ∧ डीक्यू.

इथे थांबून एक पडताळा करा. वर्तुळावरचा सहनिर्देशक दुप्पट करा, म्हणजे नवा क्यू = २ × जुना क्यू. पी हे व्हेक्टरवर चालणारं फलन असल्याने नवा पी = जुना पी ÷ २. त्यामुळे पी डीक्यू जसाच्या तसा राहतो. हेच टॅन्जंट बंडलवर करून बघा. तिथे वेगही दुप्पट होतो, आणि वेग × डीक्यू चौपट होतो. म्हणून टॅन्जंट बंडलवर असा फॉर्म हवा असेल तर आधी एखादं मेट्रिक निवडावं लागतं. कोटॅन्जंट बंडलला त्याची गरज नाही. सगळा विषय कोटॅन्जंट बंडलवर का उभा आहे, त्याचं पहिलं कारण या दोन ओळींच्या गणितात आहे.

दुसरा पडताळाही लगेच करा. एम वरचा कुठलाही वन-फॉर्म बीटा घ्या. तो प्रत्येक क्यू ला एक पी देतो, म्हणून त्याचा आलेख बंडलमध्ये काढता येतो. त्या आलेखामार्फत लॅम्डा एम वर मागे आणला की पुन्हा बीटाच हाती येतो. व्याख्या लिहून काढलीत तर एका ओळीत संपतं, पण ती ओळ स्वतः लिहा. पुढे वारंवार लागेल.

पायरी २: लाग्रांजियन उपमॅनिफोल्ड

बंडलची मिती २एन असेल, तर ज्या एन मितींच्या उपमॅनिफोल्डवर ओमेगा पूर्ण शून्य होतो तो लाग्रांजियन. तीन उदाहरणं कायम नजरेसमोर ठेवा: झीरो सेक्शन, म्हणजे सगळीकडे पी = ०; एका बिंदूवरचा फायबर, म्हणजे क्यू ठरलेला आणि पी मोकळा; आणि वन-फॉर्मचे आलेख. मघाच्या पडताळ्यावरून बीटाचा आलेख लाग्रांजियन असतो तो फक्त बीटा क्लोज्ड असेल तेव्हाच. बीटा हा एखाद्या फलनाचं विकलन असेल, तर त्या आलेखाला एक्झॅक्ट लाग्रांजियन म्हणतात; आलेख नसलेल्या लाग्रांजियनसाठी अट अशी, की त्यावर लॅम्डा एखाद्या फलनाचं विकलन असावं.

सिलिंडरवर हे अगदी ठसठशीत दिसतं. पी = १ हे आडवं वर्तुळ लाग्रांजियन आहे, पण एक्झॅक्ट नाही; ते आणि झीरो सेक्शन यांच्यामध्ये पट्टा अडकलेला आहे. एक्झॅक्ट असण्याचा अर्थ, झीरो सेक्शनच्या वरचं क्षेत्रफळ आणि खालचं क्षेत्रफळ सारखं. साहजिकच असा वक्र झीरो सेक्शनला निदान दोनदा छेदतो. वर्तुळावरच्या फलनाला निदान दोन क्रिटिकल पॉइंट असतात, हेच विधान इथे क्षेत्रफळाच्या वेशात आलंय.

ही गोष्ट सर्वसाधारण कोटॅन्जंट बंडलवर खरी असेल, असं अर्नॉल्डने १९६० च्या दशकात मांडलं. हॅमिल्टोनियन प्रवाहाने, म्हणजे बंडलवरच्या एखाद्या फलनातून हॅमिल्टनच्या समीकरणांनी मिळणाऱ्या प्रवाहाने, झीरो सेक्शन कितीही वाकवा, तो आलेख राहिला नाही तरी मूळ झीरो सेक्शनपासून तो सुटत नाही, आणि छेदनबिंदूंची किमान संख्या एम ची टोपॉलॉजी ठरवते. १९८५ मध्ये हे होफर यांनी, आणि वेगळ्या पद्धतीने लोदेनबाख व सिकोराव्ह यांनी सिद्ध केलं. वाकवलेला वक्र आलेख राहत नाही म्हणजे काय, ते सिलिंडरवर चित्र काढून एकदा बघाच.

पायरी ३: जिओडेसिक आणि एक असमानता

एम वर मेट्रिक निवडा आणि एच = |पी|²/२ हा हॅमिल्टोनियन घ्या. हॅमिल्टनच्या समीकरणांनी चालणारा बिंदू खाली एम वर जिओडेसिक आखत जातो, आणि त्याचा वेग |पी| असतो. १ एवढ्या वेळात स्वतःवर परत येणारी प्रत्येक कक्षा म्हणजे एम वरचं एक बंद जिओडेसिक.

आता दोन फलनं शेजारी मांडा. पहिलं एम वरच्या लूपसाठी: ऊर्जा, म्हणजे |वेग|²/२ चं लूपभर संकलन. दुसरं बंडलमधल्या लूपसाठी: ॲक्शन, म्हणजे पी डीक्यू वजा एच डीटी यांचं संकलन. पहिल्याचे क्रिटिकल पॉइंट बंद जिओडेसिक, दुसऱ्याचे बंद हॅमिल्टोनियन कक्षा, आणि वर पाहिल्याप्रमाणे या दोन याद्या एकच आहेत.

यादी एक असणं ही सुरुवात झाली. खरा दुवा या असमानतेत आहे. कुठलाही वेग व्ही आणि कुठलाही संवेग पी घ्या. |पी − व्ही|² ऋण असू शकत नाही. कंस सोडवला की

पी·व्ही − |पी|²/२ ≤ |व्ही|²/२

असं मिळतं, आणि बरोबरी होते ती फक्त पी = व्ही असताना. लूपभर संकलन करा: बंडलमधल्या कुठल्याही लूपची ॲक्शन ही त्याच्या खालच्या सावलीच्या ऊर्जेपेक्षा जास्त नसते. शाळेत शिकलेल्या वर्गविस्ताराचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पुढे येणाऱ्या मोठ्या प्रमेयाच्या एका सिद्धतेचा कणा हीच ओळ आहे.

पायरी ४: लूप स्पेसवर मोर्स

एम वरच्या सगळ्या बंद लूपचा अवकाश म्हणजे मुक्त लूप स्पेस. एका ठरलेल्या बिंदूपासून निघून तिथेच परतणाऱ्या लूपचा अवकाश म्हणजे आधारबिंदू असलेली लूप स्पेस. मार्स्टन मोर्स यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत दाखवलं, की अनंत मिती असल्या तरी ऊर्जेचं फलन इथे नीट वागतं. ऊर्जा शून्याखाली जात नाही, आणि प्रत्येक जिओडेसिकपाशी ती कमी होण्याच्या दिशा मोजक्याच असतात. त्या दिशांची संख्या म्हणजे मोर्स इंडेक्स, आणि टोकं ठरलेली असतील तर वाटेत किती कॉन्ज्युगेट बिंदू (एका बिंदूतून निघालेली जवळजवळची जिओडेसिक जिथे पुन्हा एकत्र येतात ते) लागतात ते मोजून ती मिळते.

या मार्गाने किती दूर जाता येतं याचे दोन दाखले. १९५१ मध्ये झाँ-पिएर सेर यांनी लूप स्पेसची होमॉलॉजी वापरून सिद्ध केलं, की बंद रीमानियन मॅनिफोल्डवरच्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारी जिओडेसिक अनंत असतात. १९६९ मध्ये ग्रोमोल आणि मायर यांनी दाखवलं, की सिंपली कनेक्टेड मॅनिफोल्डच्या मुक्त लूप स्पेसचे बेटी अंक (प्रत्येक डिग्रीतल्या होमॉलॉजीची मिती) अमर्याद वाढत असतील, तर मेट्रिक कुठलंही घ्या, एकमेकांपासून वेगळी अशी बंद जिओडेसिक अनंत सापडतात. गोलांच्या बाबतीत हे बेटी अंक मर्यादेत राहतात, म्हणून हे प्रमेय तिथे चालत नाही. द्विमितीय गोलाचा प्रश्न १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक्स आणि बँगर्ट यांच्या कामातून सुटला. वरच्या मितींच्या गोलांसाठी, मेट्रिक कुठलंही घेतलं तर काय, हे अजून ठरलेलं नाही.

बंडलमधल्या ॲक्शनला मात्र ना खालून मर्यादा, ना वरून. तिच्या क्रिटिकल पॉइंटपाशी वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या दोन्ही दिशा अनंत असतात, त्यामुळे साधा मोर्स सिद्धांत तिथे लागू पडत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंद्रेआस फ्लोअर यांनी यातून वाट काढली. इंडेक्सऐवजी दोन कक्षांच्या इंडेक्समधला फरक घ्यायचा, आणि ग्रेडियंट रेषांच्या जागी एका कक्षेपासून दुसरीपर्यंत जाणारे स्यूडो-होलोमॉर्फिक (कॉशी-रीमानसारखं समीकरण पाळणारे) नळकांडे मोजायचे. ही मोजणी डिफरेन्शियलचं काम करते आणि तिच्यातून मिळणारी होमॉलॉजी म्हणजे फ्लोअर होमॉलॉजी. एच अनंताकडे वर्गाच्या वेगाने वाढत असेल तर तिलाच बंडलची सिम्प्लेक्टिक होमॉलॉजी म्हणतात.

पायरी ५: सिलिंडरवर हाताने

आता पेन्सिल घ्या. ही पायरी वाचून पुढे जाऊ नका, करून पुढे जा.

वर्तुळाचा परीघ १ धरा. एच = पी²/२. प्रवाह: १ वेळानंतर (क्यू, पी) हा बिंदू (क्यू + पी, पी) इथे पोहोचतो. तो मूळ जागी परतायचा तर पी पूर्णांक हवा. म्हणजे प्रत्येक पूर्णांक के साठी पी = के या पूर्ण वर्तुळभर बंद कक्षा आहेत, आणि त्यांची ॲक्शन के × के − के²/२ = के²/२. खाली वर्तुळाला के वेढे घालणाऱ्या लूपची ऊर्जाही के²/२ च. असमानतेतली बरोबरी इथे डोळ्यांसमोर आहे.

वेगवेगळ्या के च्या कक्षा एकमेकींत सरकवता येत नाहीत, म्हणून त्यांना जोडणारा नळकांडा असणार नाही. प्रत्येक के मागे एका वर्तुळाची होमॉलॉजी मिळते. आता लूप स्पेसकडे बघा. वर्तुळावरच्या लूपना वेढ्यांच्या संख्येने वेगळं करता येतं, आणि ठरावीक वेढ्यांच्या लूपचा भाग आकसून एक वर्तुळ उरतं. दोन्हीकडे तेच: प्रत्येक पूर्णांकामागे एक वर्तुळ.

आता फायबर घेऊन करू, कारण गुणाकार तिथे दिसतो. क्यू = ० हा फायबर म्हणजे सिलिंडरवरची उभी रेषा. १ वेळ प्रवाहाबरोबर सोडली की ती पीळ पडून स्प्रिंगसारखी सिलिंडरभोवती गुंडाळली जाते, आणि मूळ रेषेला पी = …, −२, −१, ०, १, २, … इथे छेदते. प्रत्येक पूर्णांकाला एक छेदनबिंदू. या बिंदूंमध्ये डिफरेन्शियल आहे का ते बघायला सिलिंडर उलगडून सपाट प्रतल करा. उभी रेषा उभीच राहते, पीळ पडलेली रेषा तिरकी सरळ रेषा होते. दोन रेषांमध्ये पट्टी अडकायची तर त्यांनी एकमेकींना दोनदा छेदायला हवं, आणि प्रतलात दोन सरळ रेषा दोनदा छेदत नाहीत. डिफरेन्शियल शून्य.

गुणाकारासाठी तीन रेषा लागतात: उभी, १ वेळ फिरवलेली आणि २ वेळ फिरवलेली. १ आणि ३ वेढ्यांच्या बिंदूंचा गुणाकार करू. उलगडलेल्या प्रतलात रेषा अशा: क्यू = ०; क्यू = पी − १; क्यू = २पी − ४. (क्यू, पी) असे बिंदू लिहिले तर पहिल्या दोन रेषा (०, १) इथे छेदतात, दुसरी आणि तिसरी (२, ३) इथे, तिसरी आणि पहिली (०, २) इथे. तीन शिरोबिंदू, त्यांच्यामध्ये एक त्रिकोण. शेवटच्या बिंदूचा पी = २, आणि २ वेळात तो ४ वेढे घेतो. म्हणून उत्तर ४ वेढ्यांचा बिंदू, सहगुणक १. कुठलेही दोन पूर्णांक घेऊन हेच करा. नेहमी एकच त्रिकोण मिळतो आणि वेढ्यांची बेरीज होते. दोन्ही संख्या सारख्या असतील तर त्रिकोण आकसून एक बिंदू होतो, तरी तो एकदा मोजतात.

आधारबिंदू असलेल्या लूप स्पेसमध्ये काय होतं? एक लूप संपला की दुसरा जोडायचा, वेढ्यांची बेरीज होते. फायबरच्या त्रिकोणांनी मोजलेला गुणाकार आणि लूप एकापुढे एक जोडण्याचा गुणाकार इथे एकच निघाले. या उदाहरणाचा पूर्ण उलगडा हाताशी आला, की पुढच्या प्रमेयात नवं काही घोकावं लागत नाही.

पायरी ६: गोल, पण आधी त्रिमितीय

बरेच जण सिलिंडरनंतर लगेच द्विमितीय गोल घेतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. माझा सल्ला वेगळा आहे: त्रिमितीय गोल आधी घ्या.

एन मितींच्या, त्रिज्या १ असलेल्या गोलावर डी अंतरावरचे दोन बिंदू घ्या. ते एकच नसावेत आणि अगदी समोरासमोरही नसावेत. त्यांना जोडणारी जिओडेसिक एकाच मोठ्या वर्तुळावरून दोन्ही बाजूंनी जातात, आणि त्यांची लांबी डी, २π − डी, २π + डी, ४π − डी अशी वाढत जाते. वाटेत प्रत्येक π अंतरावर एक कॉन्ज्युगेट बिंदू लागतो आणि तो इंडेक्समध्ये एन − १ ची भर घालतो. म्हणून इंडेक्स अनुक्रमे ०, एन − १, २(एन − १), ३(एन − १) असे येतात. एन = ३ असेल तर ०, २, ४, ६: सगळे सम. डिफरेन्शियल इंडेक्स एकाने बदलतो, त्यामुळे तो शून्यच असणार. काही सिद्ध न करता होमॉलॉजी मिळाली: प्रत्येक सम डिग्रीत एक. एन = २ असेल तर ०, १, २, ३ असे सलग इंडेक्स येतात. डिफरेन्शियल तिथेही शून्यच आहे, पण ते आपोआप कळत नाही. त्यासाठी वेगळा युक्तिवाद लागतो. मुक्त लूपच्या बाबतीत तर द्विमितीय गोलावर २ च्या टॉर्शनचा त्रासही येतो.

त्रिमितीय गोलावर मुक्त लूपचंही गणित करून बघा. स्थिर लूप गोलच बनवतात. के वेळा फिरणारी बंद जिओडेसिक गोलाचं युनिट टॅन्जंट बंडल बनवतात, म्हणजे त्रिमितीय गोल × द्विमितीय गोल, आणि त्यांचा इंडेक्स २(२के − १), अर्थात २, ६, १०. या सगळ्यांची होमॉलॉजी आपापल्या इंडेक्सने सरकवून एकत्र मांडा. दुसऱ्या बाजूने, त्रिमितीय गोल हा ग्रुप असल्यामुळे त्याची मुक्त लूप स्पेस म्हणजे गोल × आधारबिंदू असलेली लूप स्पेस. दोन्ही मार्गांनी आलेले बेटी अंक तंतोतंत जुळतात. असा जुळणारा ताळा एकदा स्वतः घेतलात, की इंडेक्सच्या मोजणीवर विश्वास बसतो.

पायरी ७: आता प्रमेयं वाचा

सिम्प्लेक्टिक होमॉलॉजी ही मुक्त लूप स्पेसची होमॉलॉजी, हे क्लॉद विटेर्बो यांनी १९९० च्या दशकात मांडलं. २००६ मध्ये दोन वेगळ्या सिद्धता छापून आल्या: एक सालामोन आणि वेबर यांची, दुसरी अब्बोन्दान्दोलो आणि श्वार्ट्झ यांची. नवख्यांनी दुसरीपासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. त्यात पायरी ३ मधली असमानता थेट कामाला लागते. एका टोकाला एम वरचे लूप आणि दुसऱ्या टोकाला हॅमिल्टोनियन कक्षा असलेले अर्धे नळकांडे मोजून एक नकाशा तयार होतो. असमानतेमुळे, ॲक्शनच्या क्रमाने मांडणी केली तर त्याची मॅट्रिक्स त्रिकोणी निघते आणि कर्णावर फक्त +१ किंवा −१ असतात. अशी मॅट्रिक्स उलटवता येते, म्हणून नकाशा आयसोमॉर्फिझम.

गुणाकाराचंही असंच. १९९९ मध्ये मोइरा चास आणि डेनिस सलिव्हन यांनी मुक्त लूप स्पेसच्या होमॉलॉजीवर एक गुणाकार दिला: दोन लूप-समूहांपैकी जे लूप एकाच बिंदूपासून निघतात तेवढे जोडायचे. अब्बोन्दान्दोलो आणि श्वार्ट्झ यांनी २०१० मध्ये दाखवलं, की सिम्प्लेक्टिक बाजूला तीन तोंडांच्या पृष्ठभागांनी मोजलेला गुणाकार हाच आहे. आधारबिंदूची बाजू मोहम्मद अबूझैद यांनी पूर्ण केली: फायबरचं रॅप्ड फ्लोअर बीजगणित (फायबर प्रवाहाने गुंडाळून छेदनबिंदू मोजणारं) म्हणजे आधारबिंदू असलेल्या लूप स्पेसच्या चेनचं बीजगणित, आणि असा एकच फायबर पूर्ण रॅप्ड फुकाया कॅटेगरी (लाग्रांजियन आणि त्यांच्यामधली अशी मोजणी यांची मिळून बनलेली रचना) निर्माण करतो. पायरी ५ मध्ये आपण केलं ते याचं वर्तुळासाठीचं रूप.

चिन्हांबद्दल सावधान

दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिलं, ओमेगा म्हणजे लॅम्डाचं विकलन घ्यायचं की त्याच्या उलट चिन्हाचं, याबाबत लेखकांमध्ये एकमत नाही. त्यानुसार हॅमिल्टनची समीकरणं, ॲक्शन आणि होमॉलॉजी-कोहोमॉलॉजीची डिग्री सगळंच बदलतं. नवा लेख हाती घेतलात की वहीच्या पहिल्या पानावर त्याचे संकेत उतरवून काढा आणि सिलिंडरवर पडताळून बघा.

दुसरं जास्त खोल आहे. विटेर्बो यांचं विधान पूर्णांक सहगुणकांसह सरळ खरं ठरायला एम स्पिन (ओरिएंटेबल असण्याच्या पुढची, टॅन्जंट बंडलवरची एक अट पाळणारा) असणं पुरेसं आहे. ओरिएंटेबल असूनही स्पिन नसलेल्या मॅनिफोल्डवर, उदाहरणार्थ कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह प्लेनवर, लूप स्पेसकडच्या सहगुणकांना एक पीळ द्यावा लागतो. हे थॉमस क्राग यांच्या कामातून पुढे आलं, आणि त्याआधी छापलेली विधानं त्यानुसार दुरुस्त करून वाचावी लागतात. सुरुवातीला २ मॉड्युलोचे सहगुणक वापरा. तिथे हा प्रश्न उद्भवत नाही आणि भूमितीचा गाभा हातचा जात नाही.

यातून काय हाती लागतं

ग्रोमॉव्ह यांचं १९८५ चं एक प्रसिद्ध प्रमेय आहे: सपाट सिम्प्लेक्टिक अवकाशात बंद एक्झॅक्ट लाग्रांजियन असूच शकत नाही. लूप स्पेसच्या भाषेत त्याची सिद्धता चार वाक्यांत मावते. असा एल असता, तर वाइनस्टीनच्या प्रमेयाने त्याच्या कोटॅन्जंट बंडलचा एक भाग सपाट अवकाशात एक्झॅक्ट रीतीने बसला असता. त्यातून विटेर्बो यांनी दिलेला नकाशा मिळतो, सपाट अवकाशाच्या सिम्प्लेक्टिक होमॉलॉजीपासून एल च्या मुक्त लूप स्पेसच्या होमॉलॉजीकडे, आणि तो एककाला एककाकडे नेतो. पण सपाट अवकाशाची सिम्प्लेक्टिक होमॉलॉजी शून्य आहे. उजवीकडचं एकक म्हणजे स्थिर लूपनी बनलेला एल चा फंडामेंटल क्लास, आणि लूपचा आरंभबिंदू घेणाऱ्या नकाशाने तो एल च्या स्वतःच्या फंडामेंटल क्लासवर जातो, म्हणून शून्य असू शकत नाही.

दुसरा दाखला अबूझैद यांचा, २०१२ चा. ९ मितींत गोलाशी होमिओमॉर्फिक असे स्मूथ मॅनिफोल्ड, ओरिएंटेशन धरून, ८ आहेत. त्यांपैकी ६ पॅरलेलायझेबल (टॅन्जंट बंडल ट्रिव्हियल असलेल्या) मॅनिफोल्डची सीमा होऊ शकत नाहीत, आणि म्हणून ते नेहमीच्या गोलाच्या कोटॅन्जंट बंडलमध्ये लाग्रांजियन म्हणून बसत नाहीत. म्हणजे वरचा सिम्प्लेक्टिक फॉर्म खालच्या मॅनिफोल्डची स्मूथ रचना निदान काही अंशी जपून ठेवतो. किती, हा प्रश्न खुला आहे. कोटॅन्जंट बंडलमधला प्रत्येक बंद एक्झॅक्ट लाग्रांजियन हॅमिल्टोनियन प्रवाहाने झीरो सेक्शनवर आणता येतो, हा कयास वर्तुळ, द्विमितीय गोल आणि द्विमितीय टोरस यांसाठी सिद्ध आहे. सर्वसाधारण एम साठी एवढं माहीत आहे, की असा लाग्रांजियन एम शी होमोटॉपी इक्विव्हॅलंट असतो. अबूझैद आणि क्राग यांनी ते पुढे सिंपल होमोटॉपी इक्विव्हॅलन्सपर्यंत नेलं.

पुढचा स्वाध्याय

टोरसवर पायरी ५ पुन्हा करा. दोन वेढ्यांच्या जोड्या मिळतील आणि गुणाकारात त्यांची बेरीज होईल. मग जीनस २ चा पृष्ठभाग घ्या आणि त्यावर हायपरबोलिक मेट्रिक ठेवा. तिथे कॉन्ज्युगेट बिंदू नाहीत, म्हणून सगळे इंडेक्स ०. आणि दोन बिंदूंना जोडणाऱ्या प्रत्येक होमोटॉपी वर्गात नेमकं एक जिओडेसिक. डिफरेन्शियल शून्य, आणि फायबरचं बीजगणित म्हणजे फंडामेंटल ग्रुपचं ग्रुप रिंग. त्रिकोण युनिव्हर्सल कव्हरमध्ये, म्हणजे हायपरबोलिक प्रतलाच्या कोटॅन्जंट बंडलमध्ये शोधा, आणि एक गोष्ट मुद्दाम तपासा: दोन छेदनबिंदूंचा क्रम उलटा केला, की तिसरा शिरोबिंदू सहसा वेगळ्याच होमोटॉपी वर्गात जातो.